लाल खूण का उमटली नाही

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी अणदूरला माहेरी गेले की लोक अजून मोबाईल घेऊन येतात. "ताई, तुमी कॉम्प्युटरमधल्या. हे बघा की, आवाजच येईना." मी बघते. बहुतेक वेळा आवाजाचं बटण खाली गेलेलं असतं. ते वर करते आणि गावात माझा मान वाढतो. खरं काम काय केलं, हे मात्र मला आईलासुद्धा कधी नीट सांगता आलं नाही. ती शेजारणींना सांगायची, "आमची सुनंदा हापिसात टायपिंग करती." तेही अगदीच खोटं नव्हतं.

या अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हटल्यावर ठरवलं, की सगळं सांगत बसायचं नाही. एकच प्रकरण सांगायचं. त्यात माझी चूक आहे, आणि ती सावरणारी माणसंही आहेत.

आमची कंपनी म्हणजे धाराशिवात स्टँडच्या मागं दोन खोल्या. ती काढली कदमसरांनी. ते मूळचे तेरचे, आधी गणिताचे शिक्षक. रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी त्यांनी एक प्रोग्राम लिहिला होता. तपासणीच्या मशीनमधून आकडे घ्यायचे, पेशंटच्या नावावर ठेवायचे, रिपोर्ट छापायचा. जिल्ह्यातल्या अकरा लॅबमध्ये तो चालायचा. सर थकले, घरी बसले, आणि तो प्रोग्राम माझ्याकडं आला. एखाद्या घरात सासूनं लावलेलं तुळशीचं रोप सुनेकडं यावं तसा. मोडायचा नाही, वाळू द्यायचा नाही.

आता धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

प्रोग्राम लिहिणारा सगळं स्वतः लिहीत नाही. फाइल उघडणं, वेळ सांगणं, वर्गमूळ काढणं अशी शेकडो कामं ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तयार असतात. आपण फक्त नाव घेऊन ती करून घ्यायची. पण कोणतं काम कोणत्या नावानं मिळतं, त्याला काय द्यायचं आणि ते काय परत देईल, याची यादी लागते. त्या यादीला हेडर फाइल म्हणतात. स्टँडवरच्या वेळापत्रकाच्या फलकासारखी ती असते. फलकावर गाडी नसते, पण गाडी कुठली आणि कुठं जाणार हे तिथंच कळतं. प्रोग्रामच्या अगदी वर आपण लिहायचं, की मला अमुक अमुक फलक बघायचे आहेत.

कोणत्या फलकावर कोणती नावं असावीत, हे जगभरातल्या जाणत्या लोकांनी बसून ठरवलंय. त्याला मानक म्हणतात. सरांकडं त्याची छापलेली जाडजूड प्रत होती, पुठ्ठा घातलेली. पण सिस्टिम बनवणारे कधी कधी मानकापेक्षा जास्त देतात. एक फलक मागितला की त्याच्या आडून दुसराही दिसतो. आपण मागितलेला नसतो, पण दिसतोय म्हणून वापरतो. वर्षं जातात. मग एक दिवस ते लोक आवराआवर करतात आणि मानकात आहे तेवढंच ठेवतात. त्यांचं काही चुकलेलं नसतं. पण आपला प्रोग्राम इतकी वर्षं त्या फुकटच्या गोष्टीवर उभा होता, हे आपल्याला तेव्हा कळतं. कळलं तर.

याचा सोपा नमुना मी नवीन असताना बघितला होता. ओळ वाचण्यासाठी सरांनी स्वतः तसं एक काम, म्हणजे फंक्शन, लिहिलं होतं, नाव ठेवलं होतं 'गेटलाइन'. नवीन सिस्टिम आली आणि प्रोग्राम तयारच होईना. पुढं मानकात त्याच नावाचं फंक्शन आलं होतं आणि सिस्टिमच्या हेडरनं ते घेतलं होतं. मला वाटलं, मीच काहीतरी मोडलं. दोन दिवस सरांसमोर जायची हिंमत होईना. तिसऱ्या दिवशी सांगितलं तर सर हसले. "अगं, गल्लीत दुसरा सुभाष राहायला आला. आता आपल्या सुभाषला आडनाव लाव." नाव बदललं, काम झालं. अशी चूक बरी. ती दारातच अडवते, पुढं जाऊ देत नाही.

दुसऱ्या जातीची चूक अडवत नाही.

आमच्या प्रोग्राममध्ये एक लाल खूण होती. पेशंटचा मागचा आकडा आणि आजचा आकडा यांतला फरक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला, की नावापुढं लाल चौकोन यायचा. त्याचा अर्थ, रिपोर्ट देण्याआधी थांबा. रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली असेल, किंवा पेशंटच्या शरीरात खरंच काही बिघडत असेल. यातली गोम अशी, की दोन्ही आकडे 'नॉर्मल'च्या खान्यात बसले तरी फरक धोक्याचा असू शकतो. माणसाला मागचे आकडे पाठ नसतात, म्हणून ही खूण. सरांना तिचा फार अभिमान होता.

लॅबमधली जुनी ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची वेळ आली. मी नवीन सिस्टिमवर प्रोग्राम पुन्हा तयार केला. तयार होताना पडद्यावर वॉर्निंगच्या दोनशेच्या वर ओळी सरसर वर गेल्या. वॉर्निंग म्हणजे चूक नव्हे, नुसता इशारा. अशा ओळी मी वर्षानुवर्षं बघत आले होते आणि त्यांचं काही वाटेनासं झालं होतं. प्रोग्राम चालू झाला. लाल खूण तपासली. मागचा आकडा चार, आजचा सात. खूण आली. अकराही लॅबमध्ये जाऊन तो बसवला. उमरग्याच्या लॅबमध्ये महादेवीअक्कांनी शेंगाचटणी आणि भाकरी खाऊ घातली.

महादेवीअक्का तिथल्या टेक्निशियन. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, कपाळावर विभूती, कामाला वाघ. पेशंटशी कन्नडमध्ये बोलायच्या, माझ्याशी मराठीत आणि मशीन अडलं की दोन्हीत.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी अकराच्या सुमाराला त्यांचा फोन आला.

"ताई, तुमची लाल खूण कुठं गेली ओ?"

"का? काय झालं अक्का?"

"आमचे गुंडप्पा हायेत, बीपीच्या गोळ्या घेणारे. दर महिन्याला पोटॅशियम बघतो त्यांचं. दोन वर्षं झाली, तीन पॉइंट नऊच्या पुढं-मागं असतंय. आज चार पॉइंट आठ आलं. खूण आली न्हाय."

"चार पॉइंट आठ नॉर्मलच आहे की."

"नॉर्मल हाय, पण गुंडप्पांचं न्हाय! म्या परत रक्त घेतलं. तीन पॉइंट नऊ. नळीवरची चिठ्ठी आमच्याच हातून उलटी लागलेली, ते दुसऱ्याच पेशंटचं रक्त होतं. आमची चूक आमी धरली. पण तुमची खूण का आली न्हाय?"

पुढं मी जे बोलले त्याची आजही लाज वाटते. मी म्हणाले, "तुमच्याकडं कुणीतरी मर्यादा बदलली असेल."

"मर्यादा झिरो पॉइंट पाचच हाय. समोर बघूनच बोलते."

"अक्का, खूण व्यवस्थित चालते. मी स्वतः तपासून बसवलीय."

मग अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "ताई, म्या डिप्लोमा केलेली बाई. मला तुमचा प्रोग्राम कळत न्हाय. पण झिरो पॉइंट नऊ हे झिरो पॉइंट पाचापेक्षा मोठं असतंय, एवढं कळतंय."

मी फोन ठेवला आणि तेच आकडे माझ्या कॉम्प्युटरवर घातले. तीन पॉइंट नऊ. चार पॉइंट आठ. खूण आली नाही.

चूक कुठं आहे ते सापडायला दुपार झाली असती, संध्याकाळही झाली असती. तोवर अकरा लॅबमधून रिपोर्ट जात राहणार होते. मी आधी फोन उचलला. परंडा, भूम, कळंब, वाशी, तुळजापूर, नळदुर्ग, एकेक करत सगळ्यांना सांगितलं, "आमच्या प्रोग्राममध्ये चूक आहे. लाल खुणेवर विसंबू नका. मी सांगेपर्यंत प्रत्येकाचा मागचा आकडा डोळ्यांनी बघा." नोकरीत मी पुष्कळ अवघड कामं केली, पण तेवढं अवघड दुसरं नाही. परंड्याचे लॅबवाले चिडले. "ताई, गर्दीच्या टायमाला हे काय काढलं?" कळंबच्या बाई नुसत्या म्हणाल्या, "बरं केलं सांगितलं." तेवढ्या शब्दांच्या आधारावर मी पुढचे फोन केले.

चूक दुपारी सापडली. फरक काढताना उणे-अधिक चिन्ह काढून टाकायला 'अ‍ॅब्स' नावाचं फंक्शन वापरलं होतं. या नावाची दोन फंक्शनं असतात. एक पूर्ण संख्यांचं, ते पॉइंटच्या पुढचं सगळं टाकून देतं. दुसरं अपूर्णांकांचं, ते सगळं जपतं. यातलं कोणतं मिळणार, हे आपण कोणती हेडर फाइल मागितली त्यावर ठरतं. सरांनी गणिताची हेडर मागितलीच नव्हती. जुन्या सिस्टिममध्ये ती दुसऱ्या हेडरच्या आडून आपोआप दिसायची, म्हणून बरोबर फंक्शन मिळायचं. नवीन सिस्टिमवाल्यांनी मानकाप्रमाणं आवराआवर केली, आणि आता फक्त पूर्ण संख्यांचं फंक्शन समोर उरलं. झिरो पॉइंट नऊचा झिरो झाला. झिरो काही मर्यादेपेक्षा मोठा नाही. खूण नाही.

आणि मी तपासताना चार आणि सात घेतले होते. फरक तीन, पूर्ण संख्या. फरक एकच्या वर गेला की खूण यायची, म्हणून तीन आठवडे कुणाला शंकाही आली नाही.

दोनशे वॉर्निंगची ती यादी मी काढली आणि पहिल्यांदा वाचली. मधे एक ओळ होती. या ठिकाणी अपूर्णांक पूर्ण संख्येत बदलला जातोय, असं तिनं स्वच्छ सांगितलं होतं. फाइलचं नाव, ओळीचा नंबर, सगळं. मशीननं आपलं काम केलं होतं. मी वाचलं नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची. पाच मिनिटांत झाली. पण तीन आठवड्यांचे रिपोर्ट लोकांच्या घरी गेले होते.

सरांना फोन केला. वाटलं होतं, रागावतील. किंवा गप्प बसतील, ते जास्त वाईट. दुसऱ्या दिवशी सकाळी तेरच्या बसनं ते स्वतःच आले, पिशवीत चष्म्याचे दोन जोड घेऊन.

"सर, तुम्ही कशाला आलात? तब्येत—"

"हेडर कुणी लावली नव्हती?"

"तुम्ही. पण वॉर्निंग मी वाचली नाही."

"माझ्या पुस्तकात लिहिलेलं होतं कोणती हेडर लावायची. चालतंय म्हणून मी सोडलं. म्हणजे चूक माझी."

"सर, चालत होतं तेव्हा पेशंटला काही झालं नव्हतं. हे माझ्या हातून—"

"सुनंदा," सर खुर्ची ओढत म्हणाले, "चूक कुणाची यावर दोघं भांडत बसलो तर त्या लोकांना फोन कोण करणार?"

चार दिवस आम्ही बसलो. अकरा लॅबमधले सगळे आकडे पुन्हा तपासून, खूण जिथं यायला हवी होती तिथली नावं काढली. प्रत्येक लॅबला तिची यादी दिली, त्यांनी पेशंटना बोलावलं. बहुतेकांचं काही नव्हतं. कुणाची तपासणी मधल्या काळात पुन्हा झाली होती, कुणावर डॉक्टरांचं आधीपासूनच लक्ष होतं. शेवटी एकच नाव उरलं. वाशीच्या यादीतलं. कौसल्याबाई, मुक्काम तेरखेडा. किडनीची तपासणी, मागं शून्य पॉइंट पाच, आता एक पॉइंट एक. दोन्ही आकडे नॉर्मलच्या खान्यात. पण महिन्याभरात दुपटीच्या वर. फोन लागत नव्हता.

वाशीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली आणि मी बसनं तेरखेड्याला उतरले. सर माझ्यासोबत निघाले होते, त्यांना मी बळंच घरी पाठवलं. गावात विचारत विचारत एका शेडपर्यंत पोचले. दिवाळी जवळ आलेली. बाया ओळीनं बसून फटाक्यांच्या माळा गुंफत होत्या, हात इतके भराभर चालत होते की बोटं दिसत नव्हती. शेडच्या बाहेरूनच हाक मारली. चाळिशीच्या आसपासची, सावळी, अंगानं बारीक बाई कमरेवर हात ठेवून उठली.

मी चिठ्ठी दिली, म्हणाले, "तुम्हाला वाशीला डॉक्टरांना परत दाखवायचंय. रिपोर्टमध्ये एक गोष्ट बघायची राहून गेली."

"रिपोर्ट चांगला हाय म्हणले की डॉक्टर."

"तो तसा दिसला. आमच्या कॉम्प्युटरनं सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही. चूक माझी आहे."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तुमी डॉक्टर का?"

"नाही. मी कॉम्प्युटरवाली."

"आन् कॉम्प्युटरवाली एवढ्या लांब येती व्हय?"

मी विचारलं, "गोळ्या कसल्या घेता का?"

"कंबरंची. दिसभर बसून लई दुखती. दुकानातनं आणती. सकाळी एक, संध्याकाळी एक. कधी दुपारीबी."

"किती दिवस झाले?"

"दोन महिनं झालं असतील."

मला वैद्यक कळत नाही, पण त्याच दुपारी तिला वाशीला नेलं, डॉक्टरांनी तिच्या गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. गोळी बंद केली, पाणी किती प्यायचं ते सांगितलं, दर आठवड्याला तपासणी लावली. बाहेर येऊन मला म्हणाले, "वेळेत आली. आणखी दोन महिने अशीच खात राहिली असती तर किडनीचं काय झालं असतं, मला सांगता आलं नसतं." लॅबच्या बाकावर मी बराच वेळ बसून राहिले. आनंद झाला होता.

ऑफिसात आल्यावर मात्र मला राग आला. ती नवीन हेडर बनवणाऱ्या लोकांचा. ही सिस्टिम जगभरचे लोक मिळून बनवतात, त्यांना पत्र पाठवता येतं. मी तावातावानं लिहिलं, की तुमच्या आवराआवरीमुळं आमच्याकडं एका बाईची किडनी जायची वेळ आली. पाठवण्याआधी सरांना वाचून दाखवलं.

सरांनी पूर्ण ऐकलं. "आता हेच परत वाच, आणि 'तुमच्या' असेल तिथं 'आमच्या' म्हण."

"सर!"

"अगं, ते मानकाकडं परत गेले. आपण कधी गेलोच नव्हतो. त्यांनी आडोसा काढला नसता तर आपली चूक अजून तशीच झाकलेली राहिली असती."

मी पत्र पुसलं. दुसरं लिहिलं. काय झालं ते सांगितलं, चूक आमची होती हे सांगितलं, आणि एक विनंती केली, की निदान या एका बाबतीत नुसती वॉर्निंग देऊन सोडू नका, प्रोग्राम तयार होतानाच थांबवा. असल्या ठिकाणी रोज शेकडो पत्रं जातात, उत्तराची आशा नव्हती.

पुढचा महिना आम्ही दोनशे वॉर्निंग एकेक करून संपवल्या. सर घरून फोनवर मानकाची पानं वाचून दाखवायचे, कोणत्या नावाला कोणती हेडर, आणि मी लावत जायची. एक कायमची चाचणी लिहिली, तीन पॉइंट नऊ आणि चार पॉइंट आठ घालून. ती पास झाल्याशिवाय प्रोग्राम ऑफिसाबाहेर जात नाही. तिला नाव दिलं 'महादेवीअक्का'. माझ्यानंतर आलेली मुलं विचारतात, हे कसलं नाव. मग त्यांना हीच गोष्ट सांगते. अक्कांना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाव राहू द्या ताई. फोनवर दोन मिनटं तुमी माझं ऐकलं न्हाय, तेवढं ध्यानात ठेवा." ठेवलंय, अक्का. त्यानंतर कोणत्याही लॅबचा फोन आला तर माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "काय दिसलं ते सांगा."

उत्तर आलं. आठवडाभरानं. कुठल्या देशातला माणूस ते मला अजून माहीत नाही, नावावरूनही अंदाज येत नव्हता. खाली बराच तांत्रिक मजकूर होता, विनंतीचा विचार करू, अडचणी काय आहेत, कुठं बदल करता येईल वगैरे. पण त्याचं पहिलं वाक्य वेगळंच होतं. त्यानं विचारलं होतं, ती बाई आता कशी आहे?

मी लगेच उत्तर दिलं नाही. त्या आठवड्यात कौसल्याबाईंची तपासणी होती, म्हणून वाशीला गेले. आकडा शून्य पॉइंट सहावर आला होता. डॉक्टर खूश. कौसल्याबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना सांगितलं, एका परक्या माणसानं तुमची तब्येत विचारलीय.

"कोण? त्याला माझं नाव कसं ठावं?"

"नाव नाही सांगितलं मी. एक बाई आहे, एवढंच. तो आमच्यासारखंच कॉम्प्युटरचं काम करतो. लई लांब असतो."

त्यांनी पदर सारखा केला.

"मग कळवा की. बरी हाय म्हणावं. कंबर दुखती अजून, पर गोळी सोडली म्हणावं." बस लागली होती, पिशवी उचलून त्या उठल्या, दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "आन् ताई, त्याच्या घरची समदी बरी हायेत का, तेबी इचारा."

मी तसंच लिहून पाठवलं.